बाबांच्या तोंडून गेलेली प्रार्थना

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. मुली भुताखेतांच्या गप्पा मारताना सापडल्या की बाकावर उभं करायची. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय… पण हे पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.

एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आम्ही राहायचो. आम्ही बेने इस्राएल – म्हणजे ज्यू, पण घरात मराठीच. बाबा इंजिनशेडमध्ये नोकरीला. आईच्या माहेरून आलेलं एक पुस्तक पेटीत असायचं. कबाला नावाच्या ज्यू गूढविद्येतल्या प्रार्थनांचं, हिब्रू, व्हेनिसला छापलेलं – छपाई नवी नवी होती तेव्हाचं. तिच्या खापरपणजोबांना ते कोचीनच्या कुणा व्यापाऱ्याने दिलेलं. आईला त्यातलं एक अक्षर वाचता यायचं नाही. वाचायचे बाबा, सणासुदीला. ती नुसता हात लावून बोटं ओठांना टेकवायची.

बाबांच्या गोऱ्या साहेबाला जुन्या पुस्तकांचा भारी शौक. आणि बाबांना फोरमनची जागा हवी होती. एका रविवारी सकाळी त्यांनी पेटी उघडली.

"अहो, ते माझ्या वडलांचं आहे," आई म्हणाली.

"तुला वाचता येतं का? मग तुला काय करायचंय?"

पुस्तक काखेत मारून ते साहेबाच्या बंगल्यावर गेले. आई चुलीपाशी बसून राहिली. त्या दिवशी आम्ही सगळे उपाशीच.

आमचा आठवड्याचा पवित्र दिवस, शब्बाथ, शुक्रवारी तिन्हीसांजेला सुरू होतो. पुढच्या शुक्रवारी त्याचे दिवे लागले, बाबा मनुकांच्या शरबताचा पेला घेऊन उभे राहिले… आणि प्रार्थना सुरूच होईना. लहानपणापासून पाठ असलेले शब्द! ओठ हलत होते, आवाज नाही. घसा बसला असेल म्हणून मी बघत राहिले, तर खणखणीत आवाजात माझ्यावरच खेकसले, "बघतेस काय? पाणी आण!"

त्यानंतर दर शुक्रवारी तेच. मराठी, इंग्रजी, शेडमधल्या शिव्या – सगळं ठीक. फक्त प्रार्थना नाही. दुसरं प्रार्थनेचं पुस्तक समोर धरलं तर हिब्रू अक्षरंच ओळखता येईनात. डॉक्टरांनी घसा, जीभ, डोळे तपासले. काही सापडलं नाही. भाजे गावाहून दूध घालायला येणाऱ्या गंगूमावशी मला म्हणाल्या, "बाय, तुजा बाप आमच्याशी तर लय बोलतो. मग देवाफुडंच का गं मुका?"

बाबा फोरमन झाले. मोठं क्वार्टर मिळालं. त्याच क्वार्टरमध्ये माझा थोरला भाऊ शालोम टायफॉईडने गेला.

गेलेल्या मुलासाठी बापाने काद्दीश म्हणायचं असतं – आमच्यातली मृतांसाठीची प्रार्थना. पुण्याहून नातेवाईक आले. पुरुष उभे राहिले. बाबांनी तोंड उघडलं… नुसता श्वास बाहेर आला. मानेच्या शिरा फुगल्या, डोळे वाहायला लागले, पण शब्द नाही. कुणी कुणाकडे बघेना. मग दाराशी उभ्या असलेल्या आईने सुरुवात केली. ऐकून ऐकून पाठ झालेलं, अडखळत, चुकत.

"वहिनी, बायकांनी म्हणायचं नसतं," काका म्हणाले.

"मग ह्यांना म्हणायला सांगा."

मधेमधे ऐकणाऱ्यांनी 'आमेन' म्हणायचं असतं. एकाही पुरुषाने म्हटलं नाही. मी म्हटलं, एकटीने.

पुढे बाबा बरीच वर्षं जगले, पण प्रार्थनेचा एक शब्द त्यांच्या तोंडी पुन्हा आला नाही. ओळखीच्या एका मानसोपचार डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, अपराधी वाटत असलं की माणसाचं असं होतं. पटलंही असतं मला… पण बाबांच्या म्हातारपणी मी त्यांना सरळच विचारलं होतं, पुस्तक दिल्याचं कधी वाईट वाटलं का?

"वाईट कशाला? जुनं बाड ते. फोरमन झालो की नाही?" असं म्हणून त्यांनी आणखी भात वाढायला सांगितलं.

त्यांना कधीच काही वाटलं नव्हतं. मग ते शब्द गेले कशाने – मला आजही सांगता येत नाही.