निळ्या मीन्याचा आरसा

चाळीस वर्षं मी गणित शिकवलं, तेव्हा हिशेबी म्हणून माझी ख्याती आहे. पण जुनी चांदी दिसली की माझी अक्कल गहाण पडते. चांदी म्हणजे दागिने नव्हेत. ड्रेसिंग टेबलावर मांडायचे जुने सेट: केसांचा ब्रश, कंगवा, हातात धरायचा आरसा, आणि सगळ्यांच्या पाठीवर रंगीत मीना, म्हणजे चांदीवर चढवलेला काचेसारखा मुलामा. जालन्यात असल्या वस्तू कुणी वस्तू म्हणून विकत नाही, त्या मोडीत येतात. सराफ ब्रशचे केस उपटतो, लाकूड काढतो आणि चांदी आटवायला पाठवतो. माझ्या ओळखीचा एक सराफ मात्र त्याआधी फोन करतो, "बाई, तुमचं खूळ आलंय."

"आरसे गोळा करून राह्यली, तोंड तेच," असं नवरा म्हणतो. तो एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत होता, त्याला न उगवणाऱ्या वस्तूंचं कौतुक नाही.

दोन वर्षांपूर्वी सराफाकडे एक ब्रश आणि एक कंगवा आला. चांदीवर बारीक लाटा कोरलेल्या आणि त्यावर गडद निळा मीना, कुठेही टवका उडालेला नाही. मी दोन्ही घेतले, पण आरशावाचून सेट अपुरा. मला चैन पडेना. सराफानं सांगितलं की जुन्या जालन्यातल्या एका घरच्या सुनेनं हे विकलं, आरसा मात्र सासूनं सोडला नाही.

मी पत्ता काढून गेलेच. सासू म्हणजे ऐंशीच्या घरातल्या बाई, गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवून थकलेल्या. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. आरसा त्यांच्या उशाशीच होता. मीना पाहून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काच मात्र काळ्या डागांनी भरलेली, तोंड अर्धंमुर्धं दिसायचं.

"आमच्या अम्मीचा हाय," त्या म्हणाल्या. "अब्बांच्या साहेबानं लग्नात दिल्ता. अम्मी रोज यात बघायची. बाई, हा काही मी देणार न्हाई."

मी वर्षभर जात राहिले. आधी आरशासाठी जायचे, मग थोडी खालांसाठीही. त्यांच्या चहात वेलची फार असायची आणि गप्पांत सून फार असायची. एकदा डोळ्यांत सुरमा घालताना त्या कुरकुरल्या, "पारा उडून गेला बघ. बराबर दिसत न्हाई."

मी ही संधी साधली. "आणा इकडं खाला, मी नीट करून आणते. बिलकुल काळजी करू नका." खरं सांगते, मनात हेच होतं की एवढं केल्यावर कधीतरी आरसा माझ्याकडे येईल. त्यांनी तो ओढणीत गुंडाळून दिला.

फोटो-फ्रेमच्या दुकानदारानं काच उलटसुलट केली. "पारा आता कोणी लावत न्हाई बाई. काच बदलावी लागंल."

"बदला. पण मीन्याला ओरखडा आला तर गाठ माझ्याशी आहे."

तासभर मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले. पक्कड चांदीला लागते का, खाली फडकं आहे का, सगळं पाहिलं. जुनी काच त्यानं कुठे टाकली ते मात्र पाहिलं नाही. माझ्या लेखी आरसा म्हणजे ती निळी पाठ, काच काय, कधीही बदलता येते.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत आरसा खालांच्या हातात दिला. त्यांनी पाठीकडे पाहिलंही नाही. काचेत पाहिलं, बोटानं कड चाचपली आणि हळूच विचारलं, "आरसा कुठंय?"

"हाच की खाला. नवी काच बसवली, बघा किती साफ दिसतं!"

"हिच्यात अम्मीनं कधी पाह्यलं?"

एवढं ऐकलं आणि मी उठले. तशीच रिक्षा करून दुकान गाठलं. काचांचा डबा रिकामा होता, घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती. दुकानदार म्हणाला, "ती डागाळलेली काच? तिचं काय करायचं होतं बाई?" मला त्याचा भयंकर राग आला, पण बदला असं मीच सांगितलं होतं.

परत गेले तेव्हा खाला दिवाणावर तशाच बसल्या होत्या. माझा चेहरा पाहून त्यांना कळलं. मी माफी मागितली, रडलेसुद्धा. त्यांनी मला पाणी दिलं, रागाचा एक शब्द काढला नाही. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी आरसा माझ्यापुढे सरकवला. "हा तूच ने आता. त्या काचेत बघितलं की वाटायचं, अम्मी आत्ताच बघून उठली. यात मी एकटीच दिसून राह्यले."

नाही म्हणायला हवं होतं. वर्षभर ज्याच्यासाठी चहा पीत राहिले, तो आरसा समोर होता, मीना जसाच्या तसा. मी नाही म्हटलं नाही. पदरात गुंडाळला आणि घरी घेऊन आले.