हातभर उंचीचा झोका

इंझोरीचे मारोतराव पाटील दोघांनाच भीत: तहसीलदाराला आणि बायकोला. त्या साली नागपंचमीच्या तोंडावर दोघं एकदमच सामोरे आले.

बायको रुख्मिणी. जावयांची सासू, पण झोक्यावर उभी राहिली की अंगात वारं शिरायचं. पोरवयात झोक्यावरून पडून पुढचा दात गेला होता. ती फट ती नथीसारखी मिरवायची. पाटील अजून त्या फटीलाच भुलतात, असं गावातल्या बायका म्हणत. पाटील नाही म्हणत, पण फार जोरात नाही.

आदल्या साली शेजारच्या गावात एक पोर झोक्यावरून पडली. हात मोडला, जुळला, आणि ती चिंचेवर चढायलाही लागली. पण सरकारच्या काळजाचं दुखणं काही बरं होईना. तहसीलदाराचा हुकूम आला: रयतेच्या जिवाच्या काळजीपोटी झोक्याची फळी जमिनीपासून हातभरच उंच असावी, नाहीतर पाटीलकी जाईल.

पाटलांनी धसक्याने झोका बांधला तोही अंगणातल्या बुटक्या बाभळीला. उभं राहिलं तर फांदी कपाळाला, बसलं तर पाय मातीत. माहेरी आलेल्या लेकी त्यावर बसून भाजी निवडू लागल्या.

रुख्मिणी भडकली. "मी पडली तं हाड माहं मोडन. सरकारले कायले कळ येते?"

"हाड तुहं, पन पाटीलकी माही हाये," पाटील म्हणाले.

हे मात्र तिला पटलं. तिने हुकूम पुन्हा वाचून घेतला. मग शांतपणे विचारलं, "फळी हातभर. दोर कुठून सोडाचा, ते कुठं लिवलं हाये?"

पंचमीला वेशीजवळच्या वडाच्या पार शेंड्याकडच्या फांदीवरून गडी जगदेवाने दोर सोडला. फळी जमिनीपासून बरोबर हातभर. तहसीलचा शिपाई पाहायला आलेला. पाटलांनी वाकून त्याच्यादेखत हात लावून दाखवला, तेवढ्यात फेटा गळून पडला. शिपाई मान हलवतो न हलवतो तोच रुख्मिणी फळीवर चढली.

एवढा लांब दोर गावाने कधी बांधलाच नव्हता. झोका पार घरांच्या धाब्यांवर गेला. बायकांनी रिवाजाप्रमाणे नाव घ्यायला लावलं. वरूनच आवाज आला:

"उंच गेला माहा झोका, खाली राह्यली वेस,
वरून दिसले मारोतरावाचे पिकलेले केस."

शिपाईसुद्धा हसला. पाटील फेटा शोधू लागले.

उतरताना मात्र तिचा पाय मुरगळला. पाटील धावले, लागलं का म्हणाले.

"लागलं," ती म्हणाली. "पाय माहा हाये. त्या शिपायाले काही सांगू नका."

सांजेला पाटील गरम हळदीचा लेप लावत बसले होते. पुढच्या साली तरी बस कर, असं हळूच सुचवून पाहिलं.

"पुढच्या साली," तिने दुसरा पायही पुढे केला, "दोर तुमी बांधा. जगदेवाची गाठ सैल असते."