उरलेला स्पीकर

माझ्या सासऱ्यांना मी एका रविवारी दुपारी ठार बहिरं केलं. तेही पाच स्पीकर लावून.

अण्णा राहतात डोंबिवलीत. कारखान्याच्या धडधडीत तीस वर्षं काढल्यामुळे त्यांचे कान दमलेत. पण कानाचं मशीन लावायला साफ नकार! ("मला येतं सगळं ऐकू, हल्ली लोकच पुटपुटतात!") शेवटी मुग्धाने, म्हणजे माझ्या बायकोने, शपथ घातली, तेव्हा ते नवंकोरं मशीन लावून वर्तकनगरला आमच्याकडे आले. पटलं तर ठेवायचं, नाहीतर सोमवारी परत, असं ठरलेलं.

त्यांच्यासाठी म्हणून मी होम थिएटर आणलं. दुकानदार म्हणाला, "लावायला माणूस पाठवतो." मी म्हणालो, "गरज नाही." (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक भानगडी याच दोन शब्दांनी सुरू झाल्यात.) दोन स्पीकर पुढे, दोन मागे, धमधम करणारा ठोकळा कोपऱ्यात, आणि सगळ्यांच्या वायरी रिसीव्हर नावाच्या काळ्या डब्यात. तो डबा टीव्हीवर प्रश्न विचारायला लागला. हा स्पीकर आहे का? तो आहे का? मी सगळ्याला 'हो' म्हणत गेलो. लग्नानंतर लागलेली सवय! शेवटी एक आडवा स्पीकर उरला. कंपनीने जादाचा दिला असेल, म्हणून मी तिचे मनोमन आभार मानले आणि त्याच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली.

ऐतिहासिक सिनेमा लावला. काय तो आवाज! घोडे थेट सोफ्यामागून दौडत आले, अण्णांनी दचकून पाय वर घेतले. मग राजे उभे राहिले, बोलायला तोंड उघडलं, आणि नुसती तुतारी वाजली.

"नितीनराव, काय म्हणाले हो राजे?"

मलाही ओ की ठो कळलं नव्हतं. पण स्वतः लावलेलं होम थिएटर! मी ठोकून दिलं, "उद्या पहाटे निघू म्हणाले."

राजे त्याच रात्री निघाले.

"आणि आईसाहेब?"

"जेवून जा म्हणाल्या."

राजांनी पाया पडून घोड्यावर टांग टाकली. "उपाशीच गेले की हो!" अण्णा हळहळले.

मी आवाज वाढवला. शोकेसमधल्या बश्या नाचायला लागल्या, तरी माणसं मुकीच. थोड्या वेळाने अण्णांनी कानातलं मशीन काढलं आणि डबीत ठेवलं.

"मुग्धा, परत करून टाक गं हे. घोडे ऐकू येतात, माणसं येत नाहीत. नितीनरावांना सगळं येतंय, म्हणजे माझेच कान संपले."

मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं, पण खरं सांगायला जीभ उचलेना.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू! (यांच्या आवाजाला मशीन लागत नाही.)

"सॉरी काकू, कमी करतो आवाज."

"कमी नको रे बाबा, नीट कर! तासभर घोडे ऐकतेय, पाऊस ऐकतेय, पण एक माणूस तोंड उघडेल तर शपथ! स्टोरी काय आहे?"

अण्णा ताडकन उभे राहिले. "तुम्हालाही नाही आलं ऐकू?"

"कुणाला कसं येईल? बोलतायत कुठे मेले!"

मुग्धा माझ्याकडे वळली. "नितीन, मग तुला कसं येत होतं?"

मी मनीप्लांटकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं. "अगं, कुंडीखाली काय आहे हे?"

दुकानदाराला फोन करून उरलेल्या स्पीकरचं विचारलं. तो म्हणाला, "साहेब, सिनेमातली माणसं त्याच्यातनंच तर बोलतात!"

काकूंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. माझ्या खोट्या मोठेपणापायी अण्णांचे कान सोमवारी परत चालले होते; ते त्यांनी वाचवले. कुंडी उतरली, वायर लागली, अण्णांनी मशीन पुन्हा घातलं आणि सिनेमा पहिल्यापासून लावला. आईसाहेब स्पष्ट म्हणाल्या, "मागे वळून पाहू नका."

"जेवणाचं तर नावच नाही!" अण्णा इतके खूष झाले की मला ओरडायचंही विसरले.

आता ते दिवसभर मशीन लावून असतात. फक्त मी काही समजावून सांगायला लागलो, की ते शांतपणे काढून डबीत ठेवतात.