समजलं नाही तर हॉर्न वाजव

"समजलं नाही तर हॉर्न वाजव," ऑटोत बसल्या बसल्या बाई म्हणायच्या आणि पिशवीतून कागद काढायच्या.

बाई चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी त्यांना रोज घरून कॉलेजात सोडायचो. वर्गात सांगायचं ते आधी वाटेत माझ्यावर घोटून बघायच्या. मी सातवीत शाळा सोडलेला. मला कळलं तर पोरांना कळेल, असा त्यांचा हिशोब. जटपुरा गेटच्या गर्दीत ऑटोवाले कशासाठी हॉर्न वाजवतात ते तुम्ही जाणताच. माझा तेवढा वेगळ्या कारणानं वाजायचा.

एकदा पोलिसानं अडवलं. "काऊन बे, समोर कोणी नाई, काऊन वाजवून राह्यला?"

मी ऑटो कडेला घेतला. घाबरायला मला फार काही लागत नाही. बाईंनी मागून डोकं बाहेर काढलं. "साहेब, मीच सांगितलंय. त्याला वर्गीकरण कळलं नाही."

पोलीस इतका गोंधळला की त्यानं नुसता पुढं जा म्हणून हात हलवला.

वर्गीकरण चाललं होतं पांढऱ्या देवमाशाचं. बेलुगा त्याचं नाव. पृथ्वीच्या पार उत्तरेला, रशिया, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंडकडं बर्फाच्या कडेकडेनं राहतो. बाईंनी समुद्र जन्मात एकदाच पाहिलेला, तोही धुक्यात. "काही दिसलं नाही रे, नुसता आवाज." पण बेलुगाबद्दल बोलायला लागल्या की वाटायचं, बाई त्याच्या शेजारी राहून आल्यात.

"मासा म्हणतो आपण, पण पिल्लाला दूध पाजतो. पिल्लू जन्मतं करडं, पांढरं व्हायला वर्षं लागतात. आणि घराण्यात दोघंच. एक हा, दुसरा लांब दाताचा नारव्हाल."

"दोघंच? मंग वाटणीचं भांडण नाई," मी म्हटलं. बाई इतक्या हसल्या की हातातला कागद उडाला आणि मला ऑटो थांबवून तो नालीच्या काठावरून आणावा लागला.

पुढं एकदा त्यांनी सांगितलं, हिवाळ्यात वेगवेगळ्या टोळ्यांचे बेलुगा काही ठिकाणी एकाच पाण्यात येतात. दिसायला सगळे सारखे. उन्हाळा लागला की ज्याची त्याची टोळी आपापल्या नदीच्या मुखाशी परतते. लहानपणी आईनं नेलं, तिथंच.

मी हॉर्न वाजवला. "सारखे दिसते तर कोणता कुठचा, हे कसं कळते जी?"

"तू कसं ओळखशील?"

आम्ही ढीवर. मुलचेऱ्याकडचं गाव, तलावावर मासे धरणारं घर. मी ऐटीत सांगितलं, "आमच्या तलावातली मरळ काळी, बाजूच्या गावची पिवळट. बाजारात दुरून वळखतो."

"आण दोन," बाई म्हणाल्या.

रविवारी आमच्याकडचा माल येतो त्या चंद्रपूरच्या बाजारातून एकाच मापाच्या दोन जिवंत मरळी आणल्या, एक काळी, एक पिवळट. बाईंच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात सोडल्या. पुढच्या रविवारी बाईंनी मला टाक्याशी उभं केलं. दोन्ही सारख्याच राखाडी, त्या सिमेंटसारख्या.

"सांग, तुझ्या गावची कोणती?"

मला सांगता येईना. हसायला गेलो आणि गावच आठवलं. आदल्या दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा पुतण्यांनी माझ्या बोलण्याची नक्कल केली होती, "काका तर टीव्हीवाल्यावाणी बोलते!" भावानं जाळं हातात दिलं. मी फेकलं, पण ते उघडलंच नाही, गोळा होऊन पाण्यात पडलं. आई काठावर उभी होती. तेव्हापासून मी गेलोच नव्हतो. फोनवर आईनं "कधी येतं?" विचारलं की धंद्याचे दिवस आहेत, म्हणायचो.

हे सगळं टाक्याशी उभ्या उभ्या बोलून गेलो. बाई पाण्यात बघत राहिल्या.

"रंगावर जाऊच नये," त्या म्हणाल्या. "रंग पाणी देतं. बेलुगाच्या कातडीचा एवढासा तुकडा घेतात. त्यात एक धागा असतो, फक्त आईकडून आलेला. आजीचा आईत, आईचा लेकरात. तो तपासला की कळतं, हा कोणत्या मुखाशी जाणाऱ्यांतला." मग माझ्याकडं न बघता, "जाऊन ये रे एकदा."

वाजवायला तिथं हॉर्न नव्हता. "समजलं," म्हणालो. आणि गेलो नाही.

काही वर्षांनी निवृत्त झाल्यावर बाई साताऱ्याकडं, आपल्या आईच्या गावी निघाल्या. गाडीत बसवायला मीच होतो. केस तोवर पार पांढरे झालेले. "मी चालले बघ माझ्या मुखाशी. आता तू."

मागच्या सीटवर मग कोणीकोणी बसायचं. बसस्टँड, दवाखाना, बाजार. मला न समजण्यासारखं कोणी काही बोलतच नव्हतं.

पावसाळा सरल्यावर त्यांच्या भाचीचा फोन आला. बाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा ऑटो घेऊन मुलचेऱ्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत कितीदा वाटलं, वळवावा.

आई दारातच होती. "वाळला तू," एवढंच म्हणाली. मग, "मले बी फिरव ना तुह्या गाडीत."

तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून नेली. ती मागं, बाईंच्या जागेवर. बसल्यापासून बोलतच सुटली. कोणाची सून आली, कोण हेमलकशाच्या दवाखान्यातून बरं होऊन आलं, कोण आलंच नाही. नावं ओळखीची नव्हती. मी नसताना गाव कितीतरी पुढं गेलं होतं.

हात आपोआप गेला. हॉर्न वाजला.

"काऊन वाजवतं रे? रस्त्यावर कुत्रं बी नाई!"

"समजलं नाई, माय."

आई थांबली. सीटवरून पुढं सरकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यापासून सांगू लागली.