मामांची हिरवी तारली

माझ्या बायकोच्या मामांना पाहिलं की चांगली धडधाकट चालणारी यंत्रंसुद्धा आपल्यात काहीतरी बिघाड असलाच पाहिजे अशा शंकेने कुरकुरायला लागतात. लालबागच्या त्यांच्या चाळीत असा एकही मिक्सर, इस्त्री किंवा दारावरची घंटा नाही, जिचं पोट मामांनी आतून पाहिलेलं नाही. उद्या एखाद्याच्या छातीत जरा धडधडलं तर डॉक्टरच्या आधी मामाच स्क्रूड्रायव्हर घेऊन पोहोचतील, असं शेजारी म्हणतात, आणि यात अतिशयोक्ती मुळीच नाही. आमच्या लग्नात रीतीप्रमाणे ते भाचीच्या पाठीशी मामा म्हणून उभे होते. सगळ्यांचे डोळे अंतरपाटाकडे, मामांचे छताकडे. भटजी 'शुभमंगल' म्हणून 'सावधान'साठी श्वास घेत होते, तेवढ्या फटीत मामा भाचीच्या कानात म्हणाले, "तिसऱ्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. त्याच्याखाली जेवायला बसू नका." आम्ही बसलो नाही. माझे काका बसले, आणि त्यांच्या मठ्ठ्यात पंख्याची वाटी पडली. आमच्या घराण्यात आजही काका पंगतीला बसण्याआधी वर पाहतात आणि मगच खाली.

मामा तरुणपणी गिरणीत होते, साचेखात्यात फिटर. साचा म्हणजे माग. तो नुसत्या आवाजावरून कुठे दुखतोय ते ओळखायचं, हे त्यांचं काम. एके दिवशी दुरुस्तीसाठी एक साचा खोलून, सुटे भाग फडक्यावर ओळीने मांडून ते घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दरवाजाला कुलूप होतं. पुढे आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, पण तो एक साचा जोडायचा राहिला, ही खंत अजून गेलेली नाही. तेव्हापासून त्यांनी कुलूपबंद वस्तूशी उभा दावा मांडला. निवृत्त झाल्यावर घरात कॉम्प्युटर आणला तोही मिसळणाच्या डब्याएवढा, आणि त्यात घातली लिनक्स नावाची फुकट, खुली प्रणाली. "याचं झाकण उघडतं, जावयबापू," ते मला म्हणाले. "आत बघू नको म्हणणारा मालक यात नाही." मी बँकेत नोकरी करतो. आत बघू नये, या एकाच तत्त्वावर माझं आयुष्य सुखात चाललेलं आहे. पण मी मान डोलावली.

त्या डब्याची त्यांनी केलेली सेवा एखाद्या संस्थानिकाच्या हत्तीलाही मिळाली नसेल. मे महिन्यात खालच्या कांडपाच्या डंखावर वर्षाचा मसाला कुटायला लागले की चाळीसकट डब्याचा पंखा शिंकायला लागे. मग त्याला मलमलीच्या फडक्याची मुंडावळ. सकाळी चहाआधी डब्याला कान लावणे. आणि वही. गिरणीतल्या सवयीने मामांनी लांबट वहीत तीन रकाने आखलेले: काय बिघडलं, काय केलं, काय झालं. एका वेळी एकच पेच फिरवायचा आणि फिरवला की लिहायचा. अडलंच तर इंटरनेटवरच्या जाणकारांना ते विचारत, पण 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात करून आणि खाली 'आपला नम्र' लिहून. कुठल्याशा बर्फाळ देशातला एक दाढीवाला त्यांना नेमाने उत्तरं देई. त्यालाही बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कोणी रिस्पेक्टेड म्हणत होतं.

पण हे सगळे लाड नुसत्या कौतुकाचे नव्हते. मामींच्या डोळ्यांचा पडदा गेली काही वर्षं विरत चाललाय. फोनवरचा चेहरा त्यांना सुपारीएवढासुद्धा दिसत नाही. देवगडकडे त्यांचा एकुलता एक भाऊ, तोही अंथरुणाला खिळलेला. तो इकडे येऊ शकत नाही, या तिकडे जाऊ शकत नाहीत. म्हणून मामांनी खोलीतल्या अर्ध्या भिंतीएवढ्या जुन्या टीव्हीला तो डबा जोडला होता. दर रविवारी तिकडून भावाची सून फोन धरायची आणि इकडे भावाचं तोंड परातीएवढं उमटायचं. भाऊबीजेला तर मामी तबक घेऊन टीव्हीलाच ओवाळायच्या.

आणि एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर डबा बंद पडला. म्हणजे दिवा लागे, पंखा फिरे, आणि चित्र उमटायच्या जागी काळोख. सुरू होतानाच 'चित्राच्या भानगडीत पडू नकोस' अशी सूचना दिली तर उघडायचा, पण मग मुंगीच्या पावलाने. भावाने एकदा डोळे मिटले की उघडेपर्यंत आमचा चहा होई. मामांनी वायर बदलली, टीव्ही खोलला, मेमरीची पट्टी खोडरबराने पुसली. वहीची चार पानं भरली आणि तिसऱ्या रकान्यात ओळीने एकच शब्द: नाही, नाही, नाही. मी मदतीला लॅपटॉप आणला, पण तो बँकेचा. त्यात बँकेखेरीज दुसऱ्या कोणाचं तोंड दाखवायची सोयच नाही.

पाडव्याला दुपारी मी फराळाला गेलो, तर मामा डब्यासमोर मांडी घालून बसलेले, दाढी वाढलेली. मामी तबक घासत होत्या. म्हणाल्या, "तुमका जमला नाय तर ऱ्हवांदे, अवो. फोनार आवाज तरी ऐकाक येतलो."

मामांनी चष्मा कपाळावर ढकलला. लग्नापासून मामींनी त्यांना पुष्कळ ऐकवलं असेल, पण 'जमत नसेल तर राहू दे' हे बहुधा पहिल्यांदाच.

"तो दाढीवाला काय म्हणतो?" मी विषय बदलायला विचारलं.

"वेडा आहे. म्हणतो, काळोख झाला त्या खेपेची डब्याने स्वतः ठेवलेली नोंद वाचा. आणि मला विचारतो, काही काढून टाकलंत का? मला! मी नो सर लिहून टाकलं."

"मग नोंद वाचा ना."

मामांनी कुरकुरत नोंद काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं. चित्र काढणाऱ्या चिपला सुरू होताना कानात एक मंत्र सांगावा लागतो. त्याला म्हणतात फर्मवेअर. यंत्र बिचारं स्पष्ट सांगत होतं, की माझा मंत्र सापडत नाही. आणि मंत्राच्या फाईलीचं नाव होतं 'ग्रीन सार्डिन'. म्हणजे हिरवी तारली.

मी वही ओढली. पानं मागे उलटली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'खंडेनवमी. आतून सफाई. मासळी काढली.'

गिरणीत खंडेनवमीला साचे थांबवून आतला कापूस न् कापूस काढायचे, तेल द्यायचे, हार घालायचे. गिरणी गेली तरी मामांची खंडेनवमी गेली नव्हती. डब्याला बाहेरून पुसून झाल्यावर त्यांनी आतही झाडू मारला होता. फर्मवेअरच्या कप्प्यात जगातल्या यच्चयावत चिपांचे मंत्र भरलेले असतात. आपल्याकडे नसलेल्या यंत्रांचं सामान आपल्या घरात कशाला? त्यात ही नावं ठेवणाऱ्या परदेशी इंजिनियरांना माशांचा भारी सोस. कुठे पिवळा मासा, कुठे करडा.

"जन्मभर मासे खातोय, जावयबापू," मामा अगदी हळू म्हणाले. "तारली हिरवी नसते. देवगडात नसते, भाऊच्या धक्क्यावर नसते. मला वाटलं, कोणीतरी चेष्टा केलीय. आणि नवरात्रात घरात मासळी..."

"पण मग इतके दिवस चाललं कसं?"

"सुरू होताना लागणारं सामान यंत्र एका गाठोड्यात आधीच बांधून ठेवतं. जुन्या गाठोड्यात तारली होती. दिवाळीच्या तोंडावर मी लिनक्सची नवी आवृत्ती घातली, गाठोडं नव्याने बांधलं गेलं, आणि कप्प्यात मासाच नाही." मग ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि कोर्टात उभं राहावं तसे उभे राहिले. "ऐकलंस गो? कॉम्प्युटर बिघडाक नव्हतो. मियाच बिघडवलंय."

मामींनी तबकावरून मान वर केली नाही. "माका ठावक होता. दसऱ्याक तुमी ऱ्हवलेली भाजीपण साफ करून टाकलात."

इंटरनेटवरून फर्मवेअरचा अख्खा गठ्ठा परत आणायला आणि गाठोडं पुन्हा बांधायला चकलीच्या दोन वेटोळ्यांइतका वेळ लागला. डबा पुन्हा सुरू केला. काळोख. मामांनी माझा हात धरला. इतक्या जोरात, की बँकेत पुढे आठवडाभर माझी सही जुळत नव्हती. आणि मग भिंतीवर उजेड पडला. दुसऱ्या दिवशी भाऊ परातीएवढा हसला, मामींनी ओवाळलं, आणि मामांनी बर्फाळ देशात पत्र लिहिलं: 'रिस्पेक्टेड सर, आय हॅड रिमूव्हड द फिश.'

त्यानंतरचा शिमगा झाला आणि मामींचा भाऊ गेला.

पुढच्या भाऊबीजेला संध्याकाळी आम्ही नवराबायको मुद्दाम गेलो. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, अशी आपली रीत. पण बीजेची कोर मावळतीला नखाएवढी येते आणि लगेच जाते. आणि मावळतीला मामांच्या जुन्या गिरणीच्या जागेवर आता पन्नास मजली टॉवर उभा आहे. गॅलरीतून दिसतात ते फक्त दुसऱ्यांच्या घरातले कंदील. शिवाय मामींच्या डोळ्यांना ती कोर दिसणार तरी कशी?

मामांनी खोलीतला दिवा मालवला आणि डबा चालू केला. टीव्हीभर चंद्र उगवला. डागांसकट, पुनवेचा, परातीएवढा.

"दिसता गो?"

मामी तबक घेऊन काचेच्या अगदी जवळ गेल्या. "दिसता. पण भाऊ माझो बारीक होतो. ह्यो खूपच गरगरीत आसा."

"बीजेचो तुका दिसाचो नाय, म्हणान पुनवेचो लावलंय."

मामींनी ओवाळलं. निरांजनाचा उजेड काचेवर हलला, तसा चंद्रही जरासा हलल्यासारखा वाटला. माझी बायको नाक पुसत चहा ठेवायला आत गेली. मी मामांकडे पाहिलं, तर ते कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, 'भाऊ नाही'. दुसऱ्यात, 'चंद्र लावला'. तिसऱ्यापाशी पेन थांबलं होतं. त्यांनी मामींकडे पाहिलं, चष्मा पुसला, आणि लिहिलं, 'दिसला'.