लॅमिनेशन केलेली टीसी

बी.ए.च्या तीन वर्षांत काय शिकलीस असं कोणी विचारलं, तर वर्ध्याला जाणाऱ्या एसटीत कोणत्या खिडकीवर ऊन येत नाही ते शिकले, असं मी सांगेन. आमचं गाव सेलू आणि केळझरच्या मधात. सकाळी सातला फाट्यावर उभं राहायचं, पास दाखवायचा, कॉलेजात जाऊन बसायचं. हजेरीपटावर बाक पुरणार नाहीत एवढी नावं, वर्गात आम्ही सात-आठ पोट्ट्या. सर पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचत, आम्ही लिहून घेत असू. परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात गर्दी व्हायची, तेवढाच काय तो उत्साह. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, "काय करून राह्यली?" "बी.ए." "अन् मंग?" "मंग पाहू." एवढ्यावर बोलणं संपायचं. मी नाराज वगैरे नव्हते. नाराज व्हायलाही आतून काहीतरी वाटावं लागतं.

मला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. हसू नका. आमचं वावर भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे पुस्तकातली कोथिंबीर. भाजीला एक दिवस पाणी चुकलं की मान टाकते, म्हणून घरात देवाच्या खालोखाल मान विहिरीवरच्या मोटरीचा. ती दर उन्हाळ्यात जळायची. बाबा तिला गाडीवर बांधून सेलूला भरायला न्यायचे आणि धरून बसायला मागं मी. दुकानातले काका जळलेली तार कापून काढायचे, नवी तांब्याची तार वेटोळं वेटोळं करून बसवायचे. मी तासन् तास पाहत बसायची. दहावीत असताना त्यांनी माझ्याकडून एक पूर्ण मोटर भरून घेतली. ती दोन उन्हाळे चालली. "पोट्टीच्या हाताले गुण आहे," काका म्हणाले, आणि बाबांनी ते गावभर सांगितलं.

पण आयटीआयचं नाव काढलं की सगळ्यांची तोंडं वाकडी. शाळेतले सर म्हणाले, "बारावीत बरे मार्क पडले तुले, कायले वाया जातं?" मोठ्या काकांची मुलगी सावंगीच्या दवाखान्यात नर्स, ते शिक्षण. पक्कड हातात धरली की मजुरी. बाबांचंही तेच. "आपल्या घरात कोनी कॉलेज नाई पाह्यलं. तू पाह्य," म्हणायचे. तरी मी मोबाइलवरून फॉर्म भरला, आणि पहिल्याच यादीत इलेक्ट्रिशियनला नंबर लागला. माझ्या वर्गातल्या, शेजारच्या गावच्या मैत्रिणीचाही लागला. दोघी सोबत जाणार म्हणून आम्ही बसपासचे फोटो काढणंसुद्धा ठरवून टाकलं.

बाबांना रात्री सांगितलं. सकाळी त्यांनी वांग्यांचं पोतं गाडीवर टाकलं आणि हाटाला गेले. दुपारी परत आले ते हातात माझी टीसी घेऊन. शाळा सोडल्याचा तो दाखला त्यांनी लॅमिनेशन करून आणला होता, गुळगुळीत, चकचकीत. त्याला त्यांनी फक्त कोपऱ्यांना धरलं होतं, बोटं मातीची होती म्हणून.

"आयटीआयवाल्याईचे हात तेलाचे राह्यतेत," ते म्हणाले. "कागद खराब नाई झाला पाह्यजे तुहा."

हा त्यांचा होकार होता. मला इतका आनंद झाला की त्या रात्री मी टीसी उशाखाली घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी प्रवेशाच्या रांगेत मैत्रीण माझ्या पुढं होती. तिची टीसी चार घड्या घातलेली, वर लोणच्याच्या तेलाचा डाग. खिडकीमागच्या कारकून बाबूंनी ती घेतली, मागच्या बाजूनं शिक्का मारला, फाइलीला लावली. मग माझी पाहिली, उलटी केली, परत सुलटी केली.

"हे काय करून आनलं? याच्यावर शिक्का कुठं मारू? लॅमिनेशन चालत नाई, पोरी."

"ओरिजिनलच आहे, सर."

"असन. पन मागं लिहा लागते ना. उद्या पाच वाजेपर्यंत साधी टीसी आनजो, नाई तं सीट पुढच्याले जाते."

माणूस वाईट नव्हता, बरं का. त्याचा मामला आपला बाप दाखव नाही तर श्राद्ध कर.

बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, गरम इस्त्री फिरवली की प्लास्टिक निघतं, तिच्या भावानं राशन कार्डाचं काढलं होतं. बाबा वावरात होते. आईनं सतरंजी टाकली, वर धुतलेलं पातळ ठेवलं, मी इस्त्री फिरवली. एक कोपरा सुटला. आई म्हणाली, "हळू, हळू." मी हळूच ओढलं. मोटरीची तार ज्या हातानं बसवायची, त्याच हातानं. माझं नाव सुटलं, जन्मतारीख सुटली. मग मुख्याध्यापकांची निळी सही प्लास्टिकसोबतच वर आली. पाठोपाठ गोल शिक्का. कागदाचा वरचा पापुद्राच निघून आला.

"अव माय!" आई म्हणाली. मग म्हणाली, "तुह्या बाबाले सांगू नोको. मनाले लावून घेतीन."

आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार तरी कोणाला?

सकाळी शाळेत गेले. दुसरी टीसी पाहिजे तर अर्ज लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं आणि मुख्याध्यापकांची सही लागते, ते सोमवारी येणार. पाच वाजले तेव्हा मी शाळेच्या ओट्यावरच बसलेली होते. पुढच्या याद्यांमध्ये माझा नंबर लागला नाही. कॉलेजनं मात्र झेरॉक्सवर नाव लिहून घेतलं, ओरिजिनल नंतर आणून दे म्हणाले.

शाळेतून परत आले त्या संध्याकाळी बाबा सांबाराच्या जुड्या बांधत होते. मी म्हणाले, "बाबा, मले नाई जायचं आयटीआयले. कॉलेजच करतो." त्यांनी हातातली जुडी पूर्ण बांधली. "बरं," म्हणाले. त्यांना बरं वाटलं की वाईट, मला आजवर कळलं नाही.

मग ती तीन वर्षं. मैत्रीण सुरुवातीला फोन करायची, आज वर्कशॉपात प्रॅक्टिकल केलं, आज मोटर चालू करायचं स्टार्टर खोललं, असं सांगायची. मी हं, हं करायची. नंतर तिनं सांगणं कमी केलं, मीही विचारलं नाही. डिग्री मिळाली तेव्हा बाबा ती घेऊन तडक सेलूला गेले आणि लॅमिनेशन करून आणली. ती आता समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला आहे. मी तलाठी भरतीचा अभ्यास करते. म्हणजे पुस्तक उघडून बसते.

या हिवाळ्यात मेथी ऐन भरात असताना मोटर बसली. बाबांनी सेलूच्या काकांना फोन लावला. काकांना आता गुडघ्यानं चालवत नाही, त्यांनी दुकानातलं माणूस पाठवलं. स्कुटीवरून पिशवी घेऊन ती उतरली. माझी मैत्रीण.

बाबा विहिरीच्या काठावर उकिडवे बसून पाहत राहिले. तिनं टेस्टर लावलं, स्टार्टरचं झाकण काढलं, मोटर चांगली आहे, स्टार्टरमधली कॉइल गेली आहे म्हणाली. नवी बसवायला घेतली. मी चहा आणला. बाबांनी आपल्या हातानं तिला कप दिला. एवढा मान ते गावच्या सरपंचालाही देत नाहीत.

"किती साल लागले व हे शिकाले?"

"दोन, काका."

"तुमी दोघी तं एकाच वर्गात होत्या ना?" मग माझ्याकडं वळून, अगदी सहज, "मंग तू काऊन नाई केलं हे?"

मैत्रिणीचा हात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. रांगेत ती माझ्या पुढंच तर होती. "काका, तिची टीसी..."

"माह्यं मनच नव्हतं," मी म्हणाले. फार घाईनं म्हणाले.

बाबा हसले. तिलाच सांगू लागले, "पाह्य बरं! मी तं टीसीले लॅमिनेशन करून आनलं होतं. दुकान उघडलं नव्हतं, तं तिथंच पायरीवर बसून राह्यलो. हाट भरून गेला, बसाले जागा नाई उरली, वांगे तसेच वापस आनले. मनलं, जाऊ दे, पोरगी शिकून राह्यली ना. अन् हे बाई म्हणे, मले नाई जायचं."

वांग्याचं पोतं परत आलं होतं? मला आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवशी संध्याकाळी वांग्याचीच भाजी होती, आणि दुसऱ्या दिवशीही. मी तोंड धुवायच्या निमित्तानं हौदाकडं वळले, पण डोळ्यांत काही नव्हतं. कोरडेच होते.

मैत्रिणीनं झाकण लावलं. "ये," मला म्हणाली, "बटन तू दाब." मी हिरवं बटन दाबलं. मोटर घुमली, पाइपाला झटका बसला आणि पाणी आलं.

"तुह्याबी हाताले गुण होता," बाबा म्हणाले.

"हाव, बाबा," मी म्हणाले, आणि फावडं घेऊन मेथीच्या वाफ्यात पाणी वळवायला गेले.