देवबागेतली माझी दुसरी सकाळ

चहा आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागे हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता.

छप्पन-सत्तावन साल असेल. नवं लग्न, आणि मी बायकोला माहेराहून आणायला देवबागला गेलेलो. मूळचे आम्हीही दर्यावरचेच, पण आजोबांपासून आत डोंगराकडे, कट्टा गावात, सुक्या माशांचं दुकान. त्यामुळे माझी मजल सुक्या सोड्यांपर्यंत. सासुरवाडीला ताज्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी हाणायची, हे मी घरून निघतानाच ठरवलं होतं.

पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सकाळी उठून बघतो तर सूर्य खाडीच्या पाण्यातून वर येतोय. आमच्याकडे तो डोंगरामागून येतो. मनात नोंद केली, देवबागेत सकाळ पाण्यावर होते. पलीकडच्या बाजूला समुद्र आहे आणि संध्याकाळही पाण्यावरच होते, ही नोंद राहिली.

दुपारी पानात बांगडे. सुंगटं नाहीत. नवा जावई बोलणार कसा? भरपूर भात, वर सोलकढी घेतली आणि समुद्राकडच्या ओसरीवर आडवा झालो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या होडीनं निघायचं होतं.

आणि स्वप्न पडलं. स्वप्नात रात्र झाली, सासूबाईंनी सुंगटांची आमटी वाढली, मी बोटं चाटली आणि पांघरूण घेऊन झोपलोसुद्धा. झोपेत झोपलेला माणूस किती गाढ झोपत असेल, तुम्हीच सांगा.

डोळे उघडले तर पाण्यावर तांबडं. बायको निवांत नारळ खवत बसलेली.

"अगो, अजून लुगडा बदलूक नाय? होडी आपल्यासाठी रवतली काय?"

"आत्ता जावचा?"

"मगे कधी? दुपारी?"

मी राखुंडीनं दात घासले, विहिरीवर आंघोळ उरकली. सासूबाई बाहेर आल्या. म्हटलं, निघताना दोन गोड शब्द बोलावेत.

"आई, रातची सुंगटांची आमटी तशी मी जल्मात खावक नाय."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, सुंगटं वाढली नाहीत म्हणून जावई टोमणा मारतोय, आणि रुसून बायकोला घेऊन चाललाय. त्या सासऱ्यांकडे वळल्या. "मी सांगी होतंय, जावयाक सुंगटां हाडा. आता आपल्या चेडवाक सासरी जल्मभर ऐकूचा लागतला."

सासरे म्हणजे खवळलेल्या दर्यात होडी घालणारा माणूस. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "जावयांनू, राग सोडा. जेवल्याशिवाय जाव नका."

न्याहारीसाठी केवढा हा आग्रह, मला वाटलं. "राग कसलो? पोट भरलेला आसा. रात्री काय कमी जेवलंय?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सासरे पाग, म्हणजे फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून खाडीकडे धावले. मला काही उमजेना. म्हटलं, लेक सासरी निघाली की असं होतंच. म्हणून मी पुळणीच्या वाळूवर जाऊन उगवत्या सूर्यासमोर हात जोडून डोळे मिटले.

उघडले, तर सूर्य अर्धा. पुन्हा मिटून उघडले, तर पाव. तसाच धावत अंगणात आलो. "सूर्य बुडता आसा!"

बायको शांतपणे म्हणाली, "सांजचो तो बुडतलोच."

मग सासूबाई ज्या हसायला लागल्या, त्या ओल्या डोळ्यांनीच. तेवढ्यात सासरे नखशिखांत भिजून दारात आले, पागात ओंजळभर सुंगटं. रात्री खरी आमटी झाली. चांगली झालीय म्हणायची माझी छाती झाली नाही.

पुढे सासूबाई होत्या तोवर मी ओसरीवर डोळे उघडले की चहाच्या आधी त्यांचा आवाज यायचा, "जावयांनू, सांज झाली हां." किती चिडायचो मी. आता त्याही नाहीत, सासरेही नाहीत.

परवाच आम्ही देवबागला गेलो होतो. ओसरीवर जाग आली, पाण्यावर तांबडं होतं. आवाजाची वाट बघत तसाच पडून राहिलो. तो यायचा नाही हे कळलं. बायकोला म्हटलं, "आईंची आठवण इली गो. सांजच्या वक्ताक ओसरी सुनी लागता."

तिनंही डोळे पुसले. मग म्हणाली, "उठा, तोंड धुवा. सकाळ झाली. ही खाडयेकडची ओसरी."